मोजा, पण वही ग्रामसभेकडे ठेवा

जालना जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आवरून इथे देते.

"मी आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. घरची चार एकर मोसंबी आणि एक विहीर. 2012-13 च्या दुष्काळात सासऱ्यांनी लावलेली बाग वाळली, झाडं तोडून सरपण करावं लागलं. आताची बाग त्यानंतरची. यंदा फेब्रुवारीतच विहिरीनं तळ दाखवला. आमच्या बांधाला लागून माझ्या चुलत सासऱ्यांचं, आप्पांचं, शेत आहे. त्यांच्या तीन बोअर आहेत आणि मोठं शेततळं आहे. ग्रामसभेत मी ठराव आणायचा म्हणते, की गावातल्या सगळ्या विहिरी-बोअरची नोंद करायची, पाणीपातळी आणि उपसा मोजायचा. आप्पा भरल्या बैठकीत म्हणाले, 'आज आकडा द्याल, उद्या मीटर येईल, परवा पाणीपट्टी येईल. स्वतःच्या हातानं गळ्यात फास घालून घेऊ नका.' निम्मं गाव त्यांच्या बाजूनं आहे. मिस्टर म्हणतात, भावकीत वैर कशाला, गप्प बस. मला आप्पांचं म्हणणं खोटंही वाटत नाही आणि गप्पही बसवत नाही. ठराव आणू का? आणि सरकारनं शेतकऱ्याचं पाणी मोजावं का?"

ताई, ठराव आणा. मात्र त्याआधी तो थोडा बदला, आणि आणण्याआधी आप्पांच्या ओसरीवर जाऊन बसा. दोन्ही का ते सांगते.

आधी आप्पांच्या भीतीबद्दल. ती उडवून लावण्यासारखी नाही. राज्यात 2009 चा भूजल कायदा आहे, तो अंमलात यायला 2014 साल उजाडलं. त्यात विहिरींची नोंदणी आहे, साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विंधन विहिरीला, म्हणजे बोअरला, शेतीसाठी आडकाठी आहे, आधीपासूनच्या खोल विंधन विहिरींच्या उपशावर उपकर लावण्याची तरतूद आहे, अधिसूचित क्षेत्रात पाण्याप्रमाणे पिकांचा आराखडा करायची तरतूद आहे. 2018 मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि तो विरोध समजण्यासारखा होता. दोनशे फुटांवर पाणी लागत नाही म्हणून कर्ज काढून चारशे फूट गेलेल्या माणसाला अचानक गुन्हेगार ठरवलं जाणार असेल, तर तो बोलणारच. आप्पा कायदा वाचून बोलले असतील किंवा ऐकीव बोलले असतील, पण हवेतलं बोललेले नाहीत.

म्हणून त्यांना "असं काही होणार नाही" असं सांगू नका. उद्या कोणतं सरकार काय ठरवेल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही आणि मीही देऊ शकत नाही. जे आज आहे तेवढंच सांगा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या अधिसूचनेत शेतीला परवानगीच्या अटीतून सूट आहे. जमिनीतून पाणी उपसणाऱ्या मोठ्या कारखान्यांना मात्र परवानगीही घ्यावी लागते आणि मीटरही बसवावा लागतो. तुमच्या घरच्या जुन्या विहिरीवर मीटर लावून वसुली करावी, असा नियम आज नाही.

आणि आणखी एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवा. आप्पांना जो आकडा द्यायचा नाही, त्यातला बराचसा सरकारकडे आधीच गेलेला आहे. विहीर सातबाऱ्यावर आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पीक कोणतं, क्षेत्र किती, पाणी विहिरीचं की बोअरचं की कालव्याचं हे भरतो. पंपाची अश्वशक्ती वीज कंपनीकडे आहे. शेततळ्याला अनुदान घेतलं असेल तर त्याची लांबी-रुंदी-खोली कृषी खात्याच्या फायलीत आहे, फोटोसकट. मग उरलं काय? तुमच्या शिवारात आज पाणी किती खोलवर आहे आणि दर महिन्याला किती खाली जातं, एवढंच. या एका आकड्याची सर्वात जास्त गरज ज्यांना आहे त्या तुमच्या गावाकडेच तो नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभरातल्या काही हजार निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे. लाखो विहिरींच्या राज्यात तालुक्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तुमच्या बांधावर काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

न मोजण्यानं माणूस सुटतो, असा समज खेड्यापाड्यांत फार घट्ट आहे. शेतीपंपाच्या विजेचं उदाहरण घ्या. लाखो पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर यायचं. शेतकऱ्यांनाही तेच सोयीचं वाटायचं. पण मीटर नाही म्हणून आकडा लिहायचा थांबला नाही. शेतीनं इतकी वीज खाल्ली असा अंदाज दरवर्षी धरला गेला, तो फुगवलेला आहे आणि दुसरीकडची गळती शेतकऱ्याच्या नावावर जिरवली जाते, हा वाद महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं चालला, आणि अभ्यासकांनी आकड्यानिशी ते मांडलं. शेतकऱ्याकडे स्वतःचा आकडा नव्हता, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नव्हतं. पाण्याचंही हेच व्हायला वेळ लागणार नाही. देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे 87 टक्के शेतीला जातं, हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं. त्यातलं पोट भरणाऱ्या ज्वारीला किती गेलं, चार एकर मोसंबीला किती गेलं आणि सलग शंभर एकर उसाला किती गेलं, हे वेगळं करून दाखवणारं कुणी नसेल तर दोष सगळ्यांच्या माथी सारखा बसतो. त्यात सर्वात आधी भरडला जातो तो एका विहिरीवाला.

आता तुमच्या शिवाराचा हिशेब. मला तुमच्या गावाचे आकडे माहीत नाहीत, म्हणून ढोबळ धरून करते. तुम्ही खरे घालून पुन्हा करा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर पाणी झालं. हजार हेक्टरचं शिवार आणि सहाशे मिलिमीटर पाऊस धरला तर साठ लाख घनमीटर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण आपण काळ्या पाषाणावर राहतो. वरचा मुरूम आणि कुजलेला खडक सोडला की खाली पाणी धरून ठेवायला जागा कमी. भेगा नसलेल्या कठीण पाषाणात पावसाचं दोनेक टक्केच पाणी मुरतं, सच्छिद्र आणि फुटलेल्या खडकात तेरा टक्क्यांपर्यंत. सरासरी दहा टक्के उदारपणे धरू. म्हणजे सहा लाख घनमीटर. विहिरी आणि बोअर यांच्या वाट्याला वर्षभरासाठी साधारण एवढंच.

दोन हजार माणसं, माणशी रोज पंचावन्न लिटर, वर्षभर: चाळीस हजार घनमीटर. म्हणजे पिण्या-वापरण्याचं पाणी पूर्ण साठ्याच्या सात टक्क्यांच्या आत बसतं. एवढं बाजूला काढता येत नाही म्हणून एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते, हे मला दरवेळी अस्वस्थ करतं. त्याच गावात ऊस असेल आणि तो पाट पाण्यावर असेल, तर पावसाचा वाटा वजा करूनही हेक्टरी पंधरा हजार घनमीटर तरी वरून द्यावे लागतात. चाळीस हेक्टर ऊस झाला की सहा लाख संपले. हजार हेक्टरमधले चाळीस. बाकीच्या नऊशे साठ हेक्टरांना आणि दोन हजार माणसांना थेंब नाही. पाझर तलाव, बंधारे यांनी आकडा थोडा वर सरकेल, ओढ्यातून वाहून जाणारं काही अडेल, पण गणिताची जात बदलणार नाही. जलसंधारणाची इतकी कामं होऊनही कितीतरी गावं पुन्हा कोरडी का पडली, याचं बरंचसं उत्तर इथे आहे: पाणी अडवायचं सगळ्यांनी मिळून, आणि उपशाबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही.

शेततळ्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण भांडणाचं मूळ तिथे असावं असं तुमच्या पत्रावरून वाटतं. शेततळं पावसाचं वाहतं पाणी साठवायला म्हणून आलं. प्रत्यक्षात आपल्याकडे कितीतरी तळ्यांना खाली प्लास्टिकचा कागद आहे आणि ती हिवाळ्यात बोअर लावून भरली जातात. जमिनीखाली सावलीत, सगळ्यांच्या वाट्याचं असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि एकाच्या नावावर करायचं, असा तो व्यवहार होतो. 44 मीटर लांब आणि तेवढंच रुंद तळं असेल, तर उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी हवेत जातं. म्हणजे रोज पंधरा ते वीस हजार लिटर, दीड-दोन टँकर, कुठल्याही झाडाच्या मुळाशी न जाता. पण आप्पांनी ते हौसेनं केलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे. 2012-13 ला ज्यांनी बाग जळताना पाहिली त्यांनी पुढच्या दुष्काळाच्या धाकानं तळं खणलं, सरकारनं अनुदान देऊन खणायला लावलं, आणि त्या तळ्यांनी काही बागा खरोखर वाचवल्या. एका खात्यानं पैसे देऊन उपसा वाढवायचा आणि दुसऱ्या खात्यानं उपशाबद्दल नोटीस काढायची, हा अन्याय आहे. त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही. वीज आली की ऑटो स्टार्टरनं मोटर सुरू, गेली की बंद. किती तास चालली हे मालकालाही कळत नाही. पूर्वी बिलाचा तरी धाक होता. शेतकऱ्याला बिलातून सुटका मिळाली याचा मला आनंद आहे, पण पाण्याचा हिशेब ठेवायचं उरलंसुरलं निमित्तही त्याबरोबर गेलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. सरकारनं नियम करावेत, पण शेतकऱ्याचं पाणी मोजायचं काम गावानंच करावं. तालुक्याहून येणारा माणूस वर्षातून एकदा येईल, तोही ज्याच्या घरी चहा मिळेल त्याची विहीर बघून जाईल. 1993 साली पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर-बोअर नको असा कायदा झाला. तुमच्या गावच्या नळयोजनेच्या विहिरीभोवती पाचशे मीटर चालून बघा, तो किती पाळला गेला ते दिसेल. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायला कुणी पुढे येत नाही आणि साहेबाला रोज येता येत नाही. उलट जिथे माणसांनी स्वतः मोजलं तिथे ते टिकलं. नाशिकच्या ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि 1991 पासून त्यांनी वाघाड धरणाचं पाणी घनमापन पद्धतीनं, मोजून, घ्यायला सुरुवात केली. मोजून घेतलं म्हणून कमी मिळालं तर भांडता आलं. जुन्या आंध्र प्रदेशात सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच विहिरी मोजायचा कार्यक्रम चालला. तिथे कुणालाही पीक बदलायची सक्ती नव्हती, अनुदानही नव्हतं. रब्बीच्या आधी गाव एकत्र बसायचं, साठा किती आणि पेरणीचा विचार किती ते समोर मांडायचं, आणि ज्याचा त्याचा निर्णय. अनेकांनी भात कमी केला, कारण जानेवारीत विहीर आटणार हे त्यांना नोव्हेंबरमध्ये दिसलं.

पाण्याच्या नियोजनासाठी गाजलेल्या नगरकडच्या हिवरे बाजारचं नाव तुमच्या सभेत कुणीतरी काढेलच. तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, शेतीसाठी बोअर घेत नाहीत, ऊस-केळी लावत नाहीत, पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी. ते सगळं खरं आहे. पण त्यामागे सरपंच म्हणून गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांसारखं नेतृत्व आणि कित्येक वर्षांची तयारी आहे. तुम्ही पहिल्याच ग्रामसभेत बोअरबंदी मांडलीत तर मोजणीही जाईल आणि गावही फाटेल. बंदीचा शब्द ठरावात नको.

तर ठरावात काय असावं? मी एवढंच लिहीन: गावातल्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजायची, गावच्या पर्जन्यमापकाची नोंद रोज फळ्यावर लिहायची, नोंदवही ग्रामपंचायतीत राहील आणि कुणालाही बघता येईल, ही माहिती बाहेर कुणालाही द्यायची झाली तर ग्रामसभेत मंजुरी घेऊनच द्यायची. शेवटचा मुद्दा आप्पांसाठी आहे आणि तो मनापासून घाला. कायद्यानं मागितलेली माहिती ग्रामसभा अडवू शकत नाही, हेही त्याच बैठकीत मोकळेपणानं सांगा, नाहीतर पुढे फसवल्यासारखं होईल. आणि मोजणीत सगळे येतील असं बघा: टँकर भरून विकणारी बोअर, रस्त्याकडेचा धाबा, शिवारात कारखाना किंवा वीटभट्टी असेल तर तीही. फक्त शेतकऱ्याचं मोजायचं आणि पाणी विकणाऱ्याचं सोडायचं, असं झालं तर मी आप्पांच्या बाजूनं बोलेन.

मीटर आत्ता नको. टेपला वजन बांधून पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते बघायचं; मोटर बंद करून रात्रभर विहीर भरू द्यायची आणि सकाळी मोजायचं. बोअरमध्ये मोटर आणि पाईप असल्यानं टेप अडकते, म्हणून पहिल्या वर्षी बोअरचे फक्त तास लिहा. उपसा काढायला दोनशे लिटरचं पिंप घ्या. चाळीस सेकंदांत भरलं तर सेकंदाला पाच लिटर, तासाला अठरा हजार. गुणिले मोटर चाललेले तास. दहावीतली मुलं हे आनंदानं करतील, त्यांच्या हाती वही द्या. पोरांनी लिहिलेला आकडा खोटा म्हणायला गाव लवकर धजत नाही. गावानं आपल्या भूजलाचं नियोजन करावं म्हणून आलेली केंद्राची अटल भूजल योजना जालना जिल्ह्यातही होती. तुमचं गाव त्यात असेल तर पर्जन्यमापक आणि जुन्या नोंदी ग्रामपंचायतीत सापडतील, त्या आधी शोधा.

आता घरचं. मिस्टर भावकीचं म्हणाले ते चूक नाही. तुमची विहीर आप्पांच्या बोअरमुळे आटली, असं तुम्ही पत्रात थेट लिहिलेलं नाही, पण ओळींमधून ते दिसतं. ते कदाचित खरं असेल. कदाचित नसेलही, पाषाणातल्या भेगा बांध बघून जात नाहीत, आणि शेजारची बोअर वेगळ्याच थरातून पाणी ओढत असते असंही होतं. मोजल्याशिवाय हा आरोप तोंडातून काढू नका. सभेत तर मुळीच नाही.

आप्पांकडे तुम्ही दोघं जा, मिस्टरांना पुढे बसू द्या. ठराव विचारायला आलोय असं म्हणा, सांगायला नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा तिथे पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं असं वाटलं गेलं, भूमिहीनालाही वाटा होता, ऊस नव्हता. आप्पांच्या वयाच्या माणसांना तो काळ आठवतो. त्यांना सल्ला देण्यापेक्षा तेव्हा आपल्या गावात काय झालं, विहिरी किती हात होत्या, मोटा कधीपर्यंत चालल्या, पहिली बोअर कुणी घेतली, हे विचारा आणि लिहून घ्या. गावच्या नोंदवहीत मागचं पन्नास वर्षांचं पान त्यांच्याशिवाय कुणी भरू शकणार नाही. जमलं तर मोजणीच्या समितीत त्यांचं नाव सुचवा. विरोध करणारा माणूस टेप धरून उभा असला की आकड्यावर कुणी शंका घेत नाही.

ते नाही म्हणाले तरी ठराव मांडा. हरलात तर हरलात. ज्या दहा-बारा घरांना पटतं त्यांच्या विहिरींपासून सुरू करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तुमची स्वतःची विहीर त्यात पहिली. ऑक्टोबरची मोजणी चुकवू नका, कारण पावसाळ्यानंतरचा भरलेला आकडा नसेल तर मेच्या आकड्याला अर्थ राहत नाही. आणि रब्बीची पेरणी व्हायच्या आत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्या दहा-बारा घरांना एकदा बसवा आणि तो हिशेब मांडा. तुमच्या बागेला मेपर्यंत पाणी पुरतं की नाही हे तेव्हाच कळेल. पुरत नसेल तर मोसंबीचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) धरायचा की मृग (जून-जुलैचा), हा निर्णय हातात असतानाच घेता येईल. आकडे जमले की मला जरूर पाठवा, आपण मिळून बघू.